जमीन लागून आहे

आमच्या घरात स्वयंपाकघरात जायचं तर बंगालचा उपसागर ओलांडावा लागे. बाबा जबलपुरातल्या एका मराठी शाळेत भूगोल शिकवत आणि दुसऱ्या दिवशीच्या धड्याचा नकाशा आदल्या संध्याकाळी ओसरीच्या सारवलेल्या जमिनीवर रांगोळीनं काढून पाहत. शाळेतला भिंतीवरचा नकाशा घडीवर फाटला होता आणि ती घडी नेमकी अफगाणिस्तानातून जात होती, त्यामुळे फळ्यावर हातानंच काढावं लागे आणि हाताला सवय हवी असे. रांगोळी अर्थात आईची. सकाळी दारात काढायला तिनं डबा उघडला की तळ दिसे. बाबा समुद्र मोकळा सोडत आणि रांगोळी फक्त किनाऱ्याला वापरत, तरी किनारे काही कमी नव्हते. रांगोळीवर पाय द्यायचा नाही ही घरची रीत, म्हणून आम्ही सगळे पाण्यातून चालत असू. आई ताकाचं भांडं घेऊन मद्रास आणि अंदमान यांच्या मधून जाई, आणि जाता जाता म्हणे, "दुनियाभरचे देश माझ्याच घरात काहून मांडून राहिले?"

तिचा स्वतःचा भूगोल आटोपशीर होता. तिच्या लेखी जगाचे दोन भाग होते, नर्मदेच्या अलीकडचा आणि पलीकडचा. तिचं माहेर वऱ्हाडातलं, म्हणजे पलीकडचं. तिथून आम्ही गोंदियामार्गे छोट्या लाइनीच्या गाडीनं येत असू. गाडीनं नर्मदेचा पूल ओलांडला की थेट शहरात यायचं नाही, ग्वारीघाटाला उतरायचं, बायकांनी नर्मदेची ओटी भरायची, पुरुषांनी पाय धुवायचे, आणि मग टांगा करून घरी यायचं, अशी आमच्या घरची रीत होती. सामान, झोपलेली पोरं, वळकट्या सगळं उतरवून पुन्हा चढवायचं म्हणजे कटकटच. बाबा कुरकुर करत आणि पाय धूत.

गुरुजी पूजेला बसले की संकल्पात जंबुद्वीप, भरतखंड असं करत करत नर्मदेच्या उत्तर तीरापर्यंत येत. बाबांना हा भाग फार आवडे. देवाकडे काही मागण्याआधी आपण पत्ता सांगतो, हे त्यांना अगदी रास्त वाटे. बाकीच्या पूजेत त्यांचं लक्ष नसे.

शिकवताना ते म्हणत, "देशाचं घर कुठं बांधलंय ते आधी पाहा. मग त्याचं येणंजाणं कोणाकडे असेल ते मी सांगायची गरज नाही." आमच्या प्रांताचं नावच मध्यप्रांत. जबलपुरात मुंबईकडची रेल्वे आणि कलकत्त्याकडची रेल्वे येऊन भेटत, आणि दोन्हीकडचा समुद्र इथून सारखाच लांब. मी तोवर समुद्र पाहिला नव्हता. तरी दिव्यातलं घासलेट ब्रह्मदेशाचं, पलंगाचं लाकूड ब्रह्मदेशाचं, आणि कमानिया गेटजवळच्या दुकानात स्वस्त तांदूळ मागितला तर दुकानदार विचारी, "रंगूनवाला चलेगा, बहनजी?" ते गेट तेव्हा नुकतंच बांधलेलं होतं.

या ब्रह्मदेशाचा धडा बाबांचा आवडता. आमच्या घराची मागची भिंत आणि मागच्या गल्लीतल्या एका हिंदी कुटुंबाची मागची भिंत एकच होती. त्यांच्या घरी कोणी खोकलं तर आमच्याकडे ऐकू येई. पण विरजण मागायला जायचं तर सगळ्या गल्लीला वळसा घालावा लागे. समोरच्या घराशी मात्र आमचं दिवसातून दहा वेळा येणंजाणं, कारण मध्ये फक्त रस्ता. बाबा म्हणत, "समुद्र हा रस्ता आहे. सिलोन आपल्यापासून पाण्यानं तुटलेलं दिसतं, पण रोजची बोट आहे. ब्रह्मदेश आपल्याला लागून दिसतो, पण मध्ये डोंगर आहे, जंगल आहे, पाऊस आहे. जमीन लागून आहे, रस्ता नाही. तिकडे जायचं ते पाण्यानंच." मग ते रांगोळीच्या चिमटीनं आसामच्या खाली डोंगरांच्या आडव्या रेघा ओढत. हा धडा मी त्यांच्याकडे इतक्या वेळा ऐकला होता की परीक्षेत तो प्रश्न आला तेव्हा मला हसू आलं.

आणखी एक त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. समुद्र जगात एकच आहे, नावं ज्यानं त्यानं आपापल्या किनाऱ्यावरून ठेवली.

माझ्या मोठ्या बहिणीला रंगूनचं स्थळ आलं ते याच ओसरीवर ठरलं. मुलगा मूळ वर्ध्याकडचा, रंगूनला सागवानाच्या वखारीत चांगल्या पगारावर होता. आई म्हणाली, मुलगी नदीपलीकडे द्यायला मी नाही म्हणत नाही, समुद्रापलीकडे देणार नाही. बाबांनी रांगोळी घेतली. जबलपूरपासून कलकत्त्यापर्यंत रेल्वेची रेघ, तिथून रंगूनपर्यंत बोटीची रेघ. ते म्हणाले, "हे बघ, गाडीत बसली की कलकत्ता, बोटीत बसली की रंगून. मध्ये एक पाऊल चिखलात ठेवायचं नाही. तुझ्या माहेरी जाताना बैलगाडीत हाडं खिळखिळी होतात ती वेगळी." आई त्या रेघांकडे बराच वेळ पाहत राहिली. नकाशा तिला कळला असं नाही, बाबांवर भरवसा होता. लग्न झालं. ताई दोनदा माहेरी आली, दोन्ही वेळा कलकत्त्याच्या मेलनं, आणि दुसऱ्यांदा कडेवर मुलगी होती. मेहुणे कमी बोलणारे, वेळ मिळाला की घरातली कुरकुरणारी दारं रंधा मारून देणारे. आमच्या न्हाणीघराचं दार त्यांनी बसवलं ते नंतर कधी अडकलं नाही.

मग लढाई पूर्वेकडे आली. रंगूनवर बॉम्ब पडल्याचं वर्तमानपत्रात आलं त्या दिवशी बाबा शाळेतून लवकर आले आणि त्यांनी नकाशा काढला नाही. थोड्याच दिवसांत घासलेट मिळेनासं झालं. समोरच्या घरातल्या काकू म्हणाल्या, लढाई तिकडे चाललीय तर आपल्या दिव्याला काय झालं? बाबांनी त्यांना नीट समजावून सांगितलं. असं समजावण्यात त्यांचा थोडा वेळ बरा जाई.

पत्र नाही, तार नाही. बाबांनी रोज कलकत्त्याकडून येणाऱ्या मेलला स्टेशनवर जायला सुरुवात केली. ब्रह्मदेशातून पळून आलेली माणसं तेव्हा त्या गाडीतून उतरत. अंगावरच्या कपड्यांनिशी आलेली असत. बाबा त्यांना गाठून विचारत, कोणत्या बोटीनं आलात, बोटी अजून सुटतात का, मराठी कोणी होतं का. घरी येऊन ते हे सगळं जसंच्या तसं सांगत.

आई रोज एकच म्हणे, "तुम्ही ग्वारीघाटाला काहून नाही जात? ती तिथंच उतरंल."

"ब्रह्मदेशातून येणारा माणूस नर्मदा कशाला ओलांडंल?" बाबा म्हणत. "बोट कलकत्त्याला लागते. कलकत्त्याची गाडी नर्मदेच्या उत्तरेकडूनच येते."

"आपल्या घरचं माणूस बाहेरून येऊन राहिलं की तिथंच उतरते."

बाबा छत्री घेत आणि स्टेशनवर जात. मीही त्यांच्याच बाजूनं होते. आईला वाटे, न दिसणारं प्रत्येक माणूस नर्मदेपलीकडेच असतं. मला तेव्हा अडाणीपणाचा राग यायचा, आणि तो लपवायची मला सवय नव्हती.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी बाबा मेलला गेलेले असताना दाराशी टांगा थांबला. टांगेवाला म्हणाला, "ग्वारीघाट से लाया हूँ, माईजी." ताई उतरली. मुलगी तिच्या खांद्यावर झोपली होती. पायांत चपला नव्हत्या. बोटीला कलकत्त्याचं बंदर मिळालं नव्हतं, ती विशाखापट्टणमला लागली होती. तिथून रायपूर, रायपूरहून गोंदिया, आणि मग छोटी लाइन. पूल ओलांडल्यावर ती सवयीनं उतरली होती.

आईनं मुलीला घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "ओटी भरली का?"

"भरली."

"कशानं?"

"पदरात मूठभर तांदूळ होते. बंदरावर वाटून राहिले होते ते."

आई म्हणाली, "अच्छा," आणि पाणी तापवायला गेली. तिथं चुलीपाशी ती रडली, ते मी पाहिलं. बाबा उन्हाचे परत आले तेव्हा नात ओसरीवर बसून दूधभात खात होती. आई त्यांना म्हणाली, "काखेत कळसा नि गावाला वळसा." बाबा छत्री मिटायची विसरले. नंतर ते एवढंच म्हणाले की कलकत्त्याखेरीज किनाऱ्यावर दुसरी बंदरं आहेत हे आपण शिकवतो आणि विसरतो. आईनं त्यांना पुढं चार-सहा महिने तरी हे ऐकवलं असतं, पण तशी वेळ राहिली नाही.

मेहुणे आले नव्हते. बोटीवर बायका-मुलांनाच जागा होती. त्यांनी ताईला आणि मुलीला बसवून दिलं आणि वखारीतल्या इतरांबरोबर उत्तरेला मंडालेकडे निघाले. तिथून जमेल तसं जमिनीवरून हिंदुस्थानात येऊ, असं ते तिला म्हणाले होते.

दुपारी जेवणं झाली होती. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात सुपात डाळ निवडत होती. बाबा ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते, मी खांबाशी पुस्तक घेऊन. ताईनं मुलीला मांडीवर झोपवलं आणि विचारलं, "बाबा, जमीन लागून आहे ना?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मी बाबांकडे पाहिलं. तो धडा मला पाठ होता, आणि त्या वाक्याचा पुढचा भाग काय येतो तेही मला माहीत होतं.

"आहे," बाबा म्हणाले. "आसाम आणि ब्रह्मदेश एकमेकांना लागून आहेत."

पुढचं ते बोललेच नाहीत. सुपातल्या डाळीचा आवाज थांबला होता. आई म्हणाली, "लागून आहे तर येतीलच. पायी यायचं म्हणजे वेळ लागणार, चलो." आणि सूप पुन्हा हलायला लागलं.

मला बाबांचा अतोनात राग आला. ज्या माणसानं आयुष्यभर एक खाडी चुकीची दाखवली नव्हती, तो आपल्याच मुलीला अर्धा धडा सांगून गप्प बसला होता. दुरून डोंगर साजरे असतात, पण त्या डोंगरांचं वर्णन मी त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. ताई बिचारी रंगूनला संसार करत होती, तिला काय ठाऊक असणार, असं मला वाटलं. मी बाबांशी बरेच दिवस कामापुरतंच बोलले. त्यांनी का म्हणून विचारलं नाही.

त्यानंतर आईनं जन्मात पहिल्यांदा बाबांकडे नकाशा मागितला. म्हणाली, "जावई कोणत्या रस्त्यानं येऊन राहिले तो रस्ता काढून दाखवा." बाबांनी रांगोळी घेतली. त्यांनी आसाम काढला, ब्रह्मदेश काढला, नद्या काढल्या. डोंगरांच्या आडव्या रेघा त्या दिवशी त्यांनी काढल्या नाहीत. मंडालेपासून आसामपर्यंत एक बारीक रेघ काढली. त्यांचा हात इतका सावकाश चाललेला मी कधी पाहिला नव्हता. आईनं देवघरातून एक सुपारी आणली आणि मंडालेवर ठेवली.

सत्यनारायणाला नवरा गावाला गेलेला असला तर बायको त्याच्या जागी पाटावर सुपारी ठेवून पूजेला बसते. तीच ही सुपारी. रोज सकाळी आई ओसरी सारवी, बाबा शाळेत जायच्या आधी ती रेघ पुन्हा काढून देत, आणि आई सुपारी कालच्यापेक्षा बोटभर पुढं ठेवी. एकादशीला ती सुपारीला चालवत नसे, उपासाच्या दिवशी माणूस किती चालणार म्हणून. ताई हे सगळं पाहत असे, आणि सुपारी कुठं आली ते आईला विचारतही असे. "नदीपाशी आले," आई सांगे. "नदी ओलांडायला नाव मिळाली पाहिजे." ताई म्हणे, "मिळेल." मला ते बघवत नसे, आणि मी पाण्यातून फेरा घेऊन स्वयंपाकघरात जात असे.

मृग लागला. बाबांनी आईला सांगितलं की तिकडे पाऊस इथल्यापेक्षा फार, तेव्हा ते कुठंतरी थांबले असतील. आईला ते पटलं. सुपारी चार-पाच महिने एका जागी राहिली. त्या पावसात त्या डोंगरांतून आलेली काही माणसं कलकत्त्याकडून जबलपुरातही पोचली. बाबा त्यांना स्टेशनवर भेटत, पण घरी येऊन आता काही सांगत नसत. दिवाळीनंतर आईनं सुपारी पुन्हा हलवली आणि आसामपर्यंत आणली. तिथं रेघ संपत होती. तिथून पुढं रेल्वे आहे, असं बाबांनीच एकदा सांगितलं होतं. आई दोन दिवस वाट पाहत राहिली, मग तिनं सुपारी उचलून देवघरात बाळकृष्णाशेजारी ठेवली. बाबांनी त्यानंतर ओसरीवर ब्रह्मदेश काढला नाही.

ताई आमच्याकडेच राहिली. राइट टाउनमधल्या मुलींच्या शाळेत तिला शिवणकामाची नोकरी मिळाली. कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, संक्रांतीला वाण, हरतालिकेचा उपास, सगळं होतं तसंच चालू होतं. बायका पाठीमागे बोलत. आई त्यांच्या तोंडावर सांगे, "जमीन लागून आहे. आमच्या घरात भूगोलाचे मास्तर आहेत, विचारून पाहा." लढाई संपली, राज्य बदललं, आणि आमच्या प्रांताचं नाव अजून तेच होतं. भाची चौथीत गेली. मीही मुलींना भूगोल शिकवायला लागले होते, आणि ब्रह्मदेशाचा धडा मी पाठ असल्यासारखा भराभर संपवत असे.

आई गेली ती फार न भोगता गेली. आदल्या दिवशी तिनं बाळकृष्णाला आंघोळ घातली होती आणि सुपारीही पुसून ठेवली होती. तेराव्याचं सगळं आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ताई मला म्हणाली, "चल, ग्वारीघाटाला जाऊन येऊ." टांग्यात तिच्या मुठीत काय आहे ते मला घाटावर उतरल्यावर दिसलं.

घाटावर फुलं विकणारी बाई मागे लागली होती, नावाडी हाका मारत होते. ताई गुडघाभर पाण्यात गेली आणि तिनं सुपारी सोडली. ती क्षणभर तरंगल्यासारखी वाटली, मग दिसेनाशी झाली. अशा वेळी माझ्या तोंडी माहितीच येते. मी म्हटलं, "ही नदी तिकडे जात नाही. पश्चिमेला जाते."

"ठाऊक आहे," ताई म्हणाली. "समुद्र एकच असते."

ते बाबांचं वाक्य होतं. ते तिच्या तोंडून ऐकलं आणि तो धडा तिलाही पाठ असणार, हे मला एकदम कळलं. तरी मी विचारलं.

"तिकडून रस्ता नाही, हे तुला ठाऊक होतं?"

"तुझ्या आधी मी नव्हते का त्या ओसरीवर?" ती म्हणाली. "डोंगराच्या आडव्या रेघा तर मीच काढून राहिली होती. बाबा मला चिमटी धरायला शिकवत."

"म्हणजे बाबांनाही माहीत होतं, की तुला ठाऊक आहे?"

"त्यांनीच तर शिकवलं होतं."

"मग त्या दिवशी त्यांना विचारलं काहून?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी एवढी शिकलेली आणि मला एवढंही समजू नये, याचं तिला थोडं हसू आल्यासारखं वाटलं.

"आई ऐकून राहिली होती ना," ती म्हणाली.

मग तिनं ओंजळीत पाणी घेतलं आणि कपाळ धुतलं.